दगडावरून धारदार आलेला वस्तरा पट्ट्यावर बोथट का होतो?

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. वस्तरा १२,००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचं माप) दगडावर नीट पाजवला, हातावरची लव अलगद उडते आहे, लटकता केससुद्धा तुटतो आहे. मग रीतीप्रमाणे पट्ट्यावर, म्हणजे धार नीट करायच्या चामड्याच्या लांब पट्टीवर, परजला, गालाला लावला आणि तो ओढायला लागला. पुन्हा दगड, पुन्हा पट्टा, पुन्हा तेच. दोन-चार वेळा असं झालं की लोक दगडाला दोष देतात, महागाचा नवा दगड मागवतात आणि दुखणं जागच्या जागी राहतं. बहुतेक वेळा बिघाड पट्ट्यात असतो, नाहीतर पट्ट्यावरच्या हातात. पट्टा घेताना सगळे जनावराचं नाव विचारतात: घोड्याचा आहे का, कांगारूचा आहे का. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी विचारावं. पृष्ठभाग सपाट आहे का, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा आहे का आणि ताणल्यावर ताठ राहतो का, या तीन गोष्टींवर धार टिकते किंवा जाते.

हे सगळं घडीच्या, अखंड पोलादी पात्याच्या वस्तऱ्याबद्दल आहे. आपल्याकडे सलूनमध्ये आता जो वस्तरा दिसतो, त्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं लावतात. त्याला पट्टा लागत नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-बी यांचा धोका लक्षात आल्यावर हा बदल झाला आणि तो योग्यच झाला, कारण चामडं धड निर्जंतुक करता येत नाही. घरातही हा नियम पाळा: एक पट्टा, एक माणूस.

आधी दोष पकडा

दगडाकडे परत जाण्याआधी एक चाचणी करा. स्वच्छ धुतलेला लांब केस घ्या, शक्यतो एकाच डोक्याचा, आणि प्रत्येक वेळी त्याच टोकाला धरा. केसावरचे खवले मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले असतात, त्यामुळे धरायचं टोक बदललं की निकालही बदलतो. लटकता केस धारेवर हलकेच टेकवा: टाचेपाशी (पात्याच्या मुठीकडच्या बाजूला), मधोमध आणि टोकापाशी. तिन्ही ठिकाणी काय झालं ते कागदावर टिपून ठेवा. मग फक्त लिननवर, म्हणजे पट्ट्याच्या चामड्यामागे लोंबणाऱ्या कापडावर, १० फेऱ्या (जाणं-येणं मिळून एक फेरी) आणि पुन्हा तीन ठिकाणी केस. मग फक्त चामड्यावर २० फेऱ्या आणि पुन्हा केस. पाव तासाचं काम आहे, पण त्यातून जे कळतं ते नवा दगड घेऊन कळत नाही.

लिननच्या पहिल्या १० फेऱ्यांतच धार गेली आणि कापडात गाठी नाहीत, तर पट्टा बहुधा निर्दोष आहे. दगडावर जास्त दाब दिला किंवा गरजेपेक्षा जास्त वेळ पाजवलं, की धारेच्या अगदी कडेला एक पातळ, वळलेली पापडी उरते. वर्कशॉपात तिला बर म्हणतात. ही बर केस झटकन तोडते, म्हणून दगडावरून आलेला वस्तरा तयार झाल्यासारखा वाटतो. लिननवर ती मोडून पडते आणि खालची अपुरी धार उघडी होते. हा एक प्रकार मात्र दगडावरच सोडवायचा: बर काढून टाका आणि शेवटच्या दगडावर वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार न देता थोड्या हलक्या फेऱ्या द्या.

लिननवर धार टिकली आणि चामड्यावर गेली, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. तिन्ही ठिकाणी सारखीच गेली असेल तर ताण आणि दाब बघा. फक्त टोकाची, फक्त टाचेची किंवा फक्त मधली गेली असेल तर पट्टा वाकडा आहे किंवा त्याची रुंदी तुमच्या पात्याला जमत नाही. चामड्यावर काहीच फरक पडत नसेल, धार बिघडतही नाही आणि सुधारतही नाही, तर चामडं वरून मेलेलं आहे.

सगळी धार गेली: झोळ आणि दाब

साधारण ५/८ इंच रुंदीचा वस्तरा पट्ट्यावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार एकाच वेळी चामड्याला टेकतात. पाठीची जाडी हीच कोन ठरवते. हाताने कोन धरायचाच नसतो, आणि ही या हत्याराची मोठी सोय आहे. पण ती सोय पट्टा सरळ रेषेत असला तरच चालते. पट्ट्याला झोळ पडला की चामडं धारेच्या मागून वर उचलतं आणि कडेला गुंडाळल्यासारखं घासतं. एका फेरीत काही होत नाही. ५० फेऱ्यांत धारेची कड गोल होते, आणि ती गोल झालेली कड केस कापत नाही, ढकलते.

बरेच जण झोळ पडू नये म्हणून पट्टा जोरात ताणतात आणि त्याच जोराने दुसऱ्या हाताने वस्तरा दाबतात. ताण हवा, दाब नको. वस्तरा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, पात्यामागच्या मानेला धरा, आणि चामड्याला टेकलाय एवढंच जाणवेल इतपत भार ठेवा.

वळण हा दुसरा नाजूक क्षण. पात्याची पाठ पुढे आणि धार मागे, असा वस्तरा सरकतो. फेरीच्या शेवटी तो आधी पूर्ण थांबवायचा, मग बोटांत मूठ फिरवून पाठीवरच उलटायचा आणि दुसरी बाजू टेकल्यावरच परत निघायचं. मनगट वळवलं तर पाठ उचलली जाते आणि धार एकटी चामड्यावर पडते. घाई करून उलटण्याआधीच हात परत फिरला, तर धार चामड्यात घुसते. नवख्यांच्या पट्ट्यांच्या दोन्ही टोकांजवळ अर्धचंद्रासारखे काप दिसतात, ते इथूनच. सुरुवातीला वेग विसरा. सलूनवाल्याच्या हाताचा तो सपासप आवाज वर्षांच्या सवयीतून येतो आणि धारेला त्याची काही गरज नसते.

हात ठीक असूनही झोळ पडतच असेल, तर चामडं ताणलं जातंय. इथे निवडीचा प्रश्न येतो. जनावराच्या पोटाकडचं चामडं सैल विणीचं असतं आणि सहज लांबतं. पाठीचं आणि पुठ्ठ्याचं घट्ट असतं. चांगला पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापलेला असतो. हातात मिळाला की दोन्ही टोकं धरून जोर लावून पाहा. मधे आखडून अरुंद झाला तर तो पोटाकडचा समजा. कापलेली कड बघा: आतून तपकिरी दिसली तर झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं, निळसर-करडी दिसली तर क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं. क्रोमचं चामडं जॅकेटला उत्तम, पण पट्ट्याला मऊ पडतं आणि लवचिक राहतं. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास पुरे. जाड म्हणजे चांगला हा गैरसमज आहे. ५ मिलिमीटरचा पट्टा ताणताना हात दुखतो आणि कडा वळल्या तर सरळ करणं कठीण जातं.

ज्यांचा ताण एकसारखा राहतच नाही, त्यांनी चौकटीचा पट्टा घ्यावा. जर्मनीत झोलिंगनचे कारागीर असे पट्टे फार पूर्वीपासून करतात: दांड्यावर चामड्याचा फास असतो आणि टोकाचा स्क्रू फिरवला की ताण वाढतो. लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टाही चालतो, फक्त फळी अजिबात दबत नाही, म्हणून दाबाची चूक तिच्यावर लगेच धारेवर उमटते.

ठरावीक जागीच धार जाते: वाक आणि रुंदी

स्टीलची फूटपट्टी पट्ट्याच्या रुंदीवर आडवी, तिच्या कडेवर उभी धरा आणि पलीकडून उजेड येऊ द्या. मधून उजेड दिसला तर पट्टा पन्हाळीसारखा खोल झालाय आणि वस्तरा फक्त टाचेला आणि टोकाला टेकतोय. दोन्ही कडांकडून उजेड आला तर मधला भाग उंच आहे आणि फक्त मधली धार परजली जातेय. हेच तीन ठिकाणी तपासा, वर, मधे आणि खाली. थोडासा वाक असेल तर पट्टा उलट बाजूला हळूहळू वळवत हाताने मोडा आणि दोन दिवस सपाट फळीवर पालथा घालून वर वजन ठेवा. कडांचा किंचित उतार चालतो, उलट तो असलेला बरा, कारण तीक्ष्ण कड पात्यावर रेघ ओढते.

रुंदीबद्दल विक्रेते ३ इंचाची शिफारस करतात. कारण सोपं आहे: पातं साधारण ७० ते ७५ मिलिमीटर लांब असतं, ३ इंच म्हणजे ७६, म्हणजे सगळी धार एकदम टेकते आणि वस्तरा सरळ ओढता येतो. पण एवढ्या रुंदीत पूर्ण सपाट राहणारं चामडं मिळणं अवघड आणि महाग. २.५ इंचाचा सपाट पट्टा ३ इंचाच्या वाकड्यापेक्षा कितीतरी चांगला, आणि नव्या माणसाला मी तोच सुचवतो. त्यावर वस्तरा तिरका न्यायचा: टाचेपासून सुरू करून टोकापर्यंत सरकवत, म्हणजे दोन्ही बाजूंचे मार्ग मिळून फुलीसारखी आकृती होते.

इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वस्तरे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. त्यांतल्या बऱ्याच पात्यांची धार सरळ नसते, मधे पुढे आलेली असते. असं पातं रुंद, ताठ पट्ट्यावर कधीच पूर्ण टेकणार नाही. २ इंचाचा पट्टा घ्या आणि फुलीच्या फेरीत मनगट किंचित झुलवत टाचेकडून टोकाकडे भार सरकवा.

काहीच फरक पडत नाही: चामड्याची ओढ

वस्तरा सरकताना चामडं त्याला जे किंचित धरून ठेवतं, त्या ओढीनेच काम होतं. ओढ फार कमी असेल तर फेऱ्या वाया जातात, फार जास्त असेल तर नवख्या हाताचा तोल जातो. बाजारात 'अस्सल लेदर' म्हणून येणाऱ्या स्वस्त पट्ट्यांवर बऱ्याचदा वरून रंगाचा, प्लॅस्टिकसारखा थर दिलेला असतो. नखाने दाबलं की खूण उमटत नाही, पाण्याचा थेंब तसाच राहतो. अशा पट्ट्यावर १०० फेऱ्या मारल्या तरी धार जिथल्या तिथे. ४०० ग्रिटच्या कागदाने तो थर पूर्ण काढून, मग ६०० ने गुळगुळीत करून पाहता येतं. खाली पाठीचं चांगलं चामडं निघालं तर पट्टा जगतो, भुसभुशीत अस्तर निघालं तर सोडून द्या.

आता जनावराच्या नावाकडे येऊ. गाईच्या चामड्यात दोन जाती जास्त मिळतात. लॅटिगो तेल-मेणात मुरवलेलं असतं, त्याची ओढ जड. ब्रायडल, म्हणजे घोड्याच्या लगामाला वापरतात ते, मध्यम ओढीचं आणि घट्ट. घोड्याच्या पुठ्ठ्यातून कॉर्डोव्हन निघतं. हा वरचा नाही, आतला थर आहे, म्हणून त्यात केसांची छिद्रं नसतात आणि पृष्ठभाग काचेसारखा लागतो. जपानी कानायामा पट्ट्यांचं नाव याच चामड्यामुळे झालं. ओढ हलकी, फेरी झपकन जाते, आणि म्हणूनच शिकाऊ हाताने त्यावर काप पाडला की जीव हळहळतो. कांगारूचं चामडं पातळ असूनही चिवट. रशियन लेदर म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल सावध राहा: विलोच्या सालीत कमावलेलं आणि बर्चच्या तेलाचा वास मुरलेलं ते जुनं चामडं आज दुर्मीळ आहे. १७८६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथजवळ बुडालेल्या 'मेट्टा कॅथारिना' जहाजात त्याचे गठ्ठे होते आणि १९७३ मध्ये ते जहाज सापडल्यावर पाणबुड्यांनी ते बाहेर काढले, इतकं हे चामडं टिकाऊ. आज त्या नावाने मिळणाऱ्या पट्ट्यांपैकी बहुतेक गाईच्या चामड्याचे असतात. ते वाईट नसतात, पण नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

महाराष्ट्रात राहून स्वतः पट्टा बनवायचा असेल तर म्हशीचं चामडं समोर येतं. २०१५ पासून गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू झाली, त्यामुळे स्थानिक माल मुख्यतः म्हशीचा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, म्हणजे पट्ट्याला हवी तशीच कमावणी. अडचण दोन ठिकाणी येते: म्हशीच्या कातडीचा पोत खडबडीत असतो आणि एकाच तुकड्यात जाडी कमी-जास्त होते. कारागिराला पाठीकडचा, एकसारख्या जाडीचा, साधारण ५० सेंटिमीटर लांब तुकडा मागा, स्वतः बोटांनी चाचपून घ्या आणि वरची बाजू ४०० व ६०० च्या कागदाने एकाच दिशेने घासून काढा. मग रोज तळहाताने चोळा. तळव्याची ऊब आणि किंचित तेलकटपणा हेच चामड्याचं रोजचं खाद्य. नीट्सफूट तेलाचे (हे गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात) थेंबभर बोट वर्षातून एखाद्या वेळी पुरे. खोबरेल, बूट पॉलिश, मेण यांतलं काहीही नको. तेलाने पट्टा जड होतो, ताणला जातो, आणि मग आपण पुन्हा झोळापाशी येऊन थांबतो.

लिनन कशासाठी, आणि कुठलं

चामड्यामागे लोंबणाऱ्या कापडाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि बऱ्याच जोड्यांमध्ये ते केवळ शोभेला असतं. लिननचं काम म्हणजे धारेवरचा ओलावा, साबणाचा अंश आणि गंजाची सुरुवात पुसून काढणं, आणि ते चामड्यापेक्षा खरखरीत असल्याने धारेला थोडी ताठ करणं. म्हणून क्रम आधी लिनन, मग चामडं. २० ते ३० फेऱ्या लिननवर, ४० ते ६० चामड्यावर, एवढं एका दाढीला पुरतं.

घट्ट विणीचं, जवसाच्या धाग्याचं कापड सर्वांत चांगलं. अग्निशामक दलाचे जुने पाइप अशा कापडाचे असत आणि ते कापून केलेले पट्टे अजून नावाजले जातात. सुती कॅनव्हासही चालतो. कापडाच्या दशीतून एक धागा काढून पेटवा: राख झाली तर सूत किंवा जवस, वितळून मणी झाला तर नायलॉन-पॉलिएस्टर. नायलॉन लगेच टाकून देऊ नका, त्याच्यावर धार साफ होते. फक्त लिननच्या भावाने घेऊ नका. कापड चामड्याला चिकटवलेलं किंवा शिवून टाकलेलं असेल तर मात्र नको म्हणा. दोन्ही वेगवेगळे ताणता आले पाहिजेत.

नव्या लिननमध्ये खळ असते, कडक आणि दाणेदार लागतं. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, ओलसर असतानाच फळीवर पसरून काचेची बाटली दाबून लाटा, सावलीत ताणून वाळवा. गाठी बोटांनी शोधा. टाचणीने उसवून टाका. सुकल्यावर कोरडा पांढरा साबण घासून पुन्हा बाटली फिरवली की विण बसते. पूर्वीचे नाभिक कारागीर कापडावर साबण चोळत, ते याचसाठी.

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट (साधारण अर्ध्या मायक्रॉनची) रोजच्या चामड्यावर कधीही लावू नका. तिचा उपयोग आहे, पण वेगळ्या फळीवर, महिन्या-दीड महिन्याने, मोजक्या फेऱ्या. रोजच्या पट्ट्यावर एकदा गेलेली पेस्ट पूर्ण निघत नाही, आणि मग पट्टा परजत नाही, पाजवत राहतो.

आज ठीक, परवा ओढतो

हा प्रकार पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, फार दिसतो, आणि लोक इथेही पट्ट्याला दोष देतात. पट्ट्याचा संबंध असतो तो उलट बाजूने. कार्बन पोलादाची धार इतकी पातळ असते की दमट न्हाणीघरात दोन दिवसांत ती गंजाने कुरतडली जाते, डोळ्यांना डाग दिसण्याआधीच. दाढी झाली की पातं पुसा, लिननवर ५-१० फेऱ्या द्या, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा आणि वस्तरा न्हाणीघराबाहेर ठेवा. पुढच्या वेळी परजण्याआधी ते तेल कागदाने पूर्ण पुसून काढा, नाहीतर चामडं तेलकट होईल. केसानेही धार खराब होतेच: एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असलेला केससुद्धा धारेचे कण उडवू शकतो. पण तो ऱ्हास हळूहळू होतो. दोन दाढ्यांच्या मधल्या विश्रांतीत धार गेली असेल तर तो गंजच.

पट्ट्यावर पांढरी बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झाडा, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पिळलेल्या कापडाने पुसा, पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, चामडं तडकतं. गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला पट्टा एका पावसाळ्यात जातो. खिळ्याला लटकता, भिंतीपासून थोडा दूर ठेवा.

काप पडलाच तर: कडेजवळचा उथळ काप ६०० च्या कागदाने घासून टाका, वस्तऱ्याला तो जाणवणार नाही. उचललेली पापडी असेल तर चांभाराकडच्या रबर सोल्युशनचा अगदी पातळ थर आत लावून दाबा, वाळल्यावर सपाट घासा आणि कापसाचा बोळा त्यावरून फिरवा. तंतू अडकला तर अजून घासायचं आहे. मधल्या भागात निम्म्या जाडीपर्यंत गेलेला काप मात्र दुरुस्त होत नाही. तो भाग वगळून उरलेला चांगला तुकडा लाकडी फळीवर चिकटवा, हिरवी पेस्ट त्याच्यावर लावा आणि रोजच्यासाठी नवा पट्टा घ्या.